शांत मुलीला जागा नाही

आमच्या घरात भांडखोर मी. माझी थोरली बहीण, अक्का, तिचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतसुद्धा जायचा नाही. मी तोंड उघडलं की शेजारीपाजारी कामं टाकून ऐकायला उभे राहतात आणि अक्का बोलायला लागली की समोरचा माणूसही आपोआप हळू बोलतो. आम्ही एकाच आईच्या लेकी, असं सांगितलं की लोक आईकडे जरा संशयानंच बघायचे. तर अशा माझ्या अक्कानं एका पोरीला भर स्वयंपाकघरात तिच्या आईवरून नको नको ते बोलून घेतलं. का बोलली, तेच सांगायचंय. पण आमचं काम आणि आमची जागा समजल्याशिवाय ते समजायचं नाही, तेव्हा जरा धीर धरा.

आम्ही दोघी मुलींच्या निरीक्षणगृहात नोकरीला. मी खाली स्वयंपाकघरात, ती वरच्या मजल्यावर पहाऱ्याला. अठराच्या आतल्या पोरींच्या हातून गुन्हा घडला की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्यांना आमच्याकडे ठेवतात. निकाल लागला की राज्याच्या शाळेत पाठवायचं. शाळा आपली म्हणायची, कुंपण तिथेही आहे. पण तिथे शिकवायला माणसं आहेत, मनाचा डॉक्टर आहे, शिवणाची यंत्रं आहेत. आणि मुख्य म्हणजे शिक्षा मोजायला सुरुवात होते ती तिथल्या फाटकातून आत गेल्यावर. आमच्याकडे काढलेला काळ कुणी धरत नाही. फुकट जातो बिचाऱ्यांचा.

पूर्वी निकाल लागला की आठवड्याच्या आत राज्याची गाडी यायची. मग तिकडची माणसं एकेक करून नोकऱ्या सोडून गेली, एक इमारत गळते म्हणून बंद पडली, आणि आमच्या साहेबांनी फोन केला की तिकडून एकच उत्तर यायला लागलं, जागा नाही, कळवतो. कळवतो म्हणजे काय, हे नोकरीत केस पांढरे केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वरच्या लांब खोलीत खाटा संपल्या तेव्हा खाटांच्या मधल्या वाटेत गाद्या आल्या. दोन न्हाणीघरं, त्यातल्या एकाचा नळ चालला तर चालला. निकाल लागलेल्या, न लागलेल्या, चोरी केलेल्या, मारामारी केलेल्या, सगळ्या त्याच एका खोलीत. भांडणं झाली नसती तरच नवल.

अक्काचा सगळ्यावर एक उपाय होता, चादरी. आठवड्यातून एकदा धुतलेल्या चादरींचा ढीग वर जायचा. ज्या दोघींची जुंपलेली असेल त्याच दोघींच्या हातात एकेक चादर द्यायची. चादरीची नीट घडी एकटीच्यानं होत नाही. टोकाला टोक जुळवायचं तर समोरचीकडे बघावंच लागतं. पहिल्या चादरीला दोघी दातओठ खात असायच्या, आणि ढीग निम्मा झाला की "अगं, ताण ना जरा" ऐकू यायला लागायचं. मी एकदा तिला म्हटलं, "हाच उपाय तुझ्या नवऱ्यावर करायचास." तो परगावी कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही. मी बोलले, त्याच्या आईसमोर बोलले, भरपूर बोलले. तेव्हापासून ती माझ्याकडेच राहते. आमचे हे मला वचकून असतात असं सगळ्यांना वाटतं, खरे वचकून असतात ते अक्काला.

आता मिरचीचं सांगते. हे नाव पोरींनी ठेवलं, आल्याच्या पहिल्याच दिवशी. दोन मोठ्या टवाळांच्या नादी लागून तिनं एका दुकानाला आग लावली होती. दुकान बंद होतं, पण मागच्या खोलीत राखणदार झोपलेला होता हे कुणाला माहीत नव्हतं. तो वाचला, पण त्याचा चेहरा गेला. आमच्याकडे आली ती चावतच आली. झडती घ्यायला गेलेल्या अक्काच्या अंगठ्याखाली तिनं असे दात रोवले की टाके घालावे लागले.

मी म्हटलं, "अक्का, या बयेला कोंडून ठेव आणि फटीतून ताट सरकव."

"घाबरलीय गं ती."

"ती घाबरलीय? मग हात कुणाचा सुजलाय?"

पण अक्कानं तिला सोडलं नाही. स्वतः चादरीचं दुसरं टोक धरून तिच्यासमोर उभी राहायला लागली. बरेच दिवस मिरची चादर खाली टाकायची आणि अक्का ती उचलून पुन्हा तिच्या हातात द्यायची. कधी वळली ते माझ्या लक्षात आलं नाही. एक दिवस बघते तर पोरगी माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलतेय आणि साली इतक्या पातळ काढतेय की मी थक्क झाले. तिची आई एकदाही भेटीला आली नव्हती. तो विषय मात्र काढायचा नाही. एका पोरीनं काढला होता, तिला अक्कानंच मध्ये पडून वाचवलं.

आणि अक्का प्रत्येक पोरीला सांगायची तेच तिलाही सांगायची, "शांत राहिलीस की लवकर जाशील." अक्काला ते खरंच वाटायचं. मलाही वाटायचं. म्हणजे कुणी कधी त्याचा विचार केला होता म्हणता?

कारण आमच्या निरीक्षणगृहाची रीत वेगळीच होती. राज्याकडून फोन यायचा, एक जागा झालीय, कुणाला पाठवता? साहेब कुणाला पाठवणार? जिनं काचा फोडल्या, जिनं न्हाणीघराचा नळ उपटला, जिच्यापायी पहाऱ्यावरच्या बायकांच्या नाकी नऊ आले, तिला. मजला जरा हलका व्हायचा. आम्ही सगळ्या हुश्श म्हणायचो, अक्कासुद्धा म्हणायची. साहेबांना मी दोष देत नाही. त्या खोलीत एवढ्या पोरी कोंबल्यावर कुणीही आधी आगीकडेच धावेल. यात मागे कोण राहतंय ते कुणी बघितलं नाही, एवढंच.

मिरचीचा निकाल लागला आणि ती मागे राहत गेली. गाडी आली, नळ उपटणारी गेली. पुन्हा गाडी आली, ताट फेकून मारणारी गेली. मिरची त्यांच्या पिशव्या भरून द्यायची. तिला अठरावं लागायला थोडेच दिवस उरले होते, आणि कायदा असा की अठरा पुरी होईपर्यंत ती राज्याच्या शाळेत पोचली नाही तर शाळेचा हुकूम रद्द. मग पुन्हा कोर्ट, आणि कोर्टातून सरळ मोठ्या बायकांचा तुरुंग. तिथे शिवण नाही, डॉक्टर नाही, आणि तिथून कशा होऊन बाहेर येतात ते आम्ही पाहिलंय. एक तर आमच्याच फाटकाशी उभी राहून आतल्या पोरींना हाका मारायची, कुणी ओळखीचं उरलंय का बघायला.

एके दिवशी बटाटे सोलता सोलता मिरची म्हणाली, "मावशी, ती ताटवाली माझ्यानंतर आली होती ना?"

"हो."

"आणि तिच्या आधी गेली ती पण?"

मी हातातली सुरी खाली ठेवली. पोरीनं गणित मांडलं होतं, आम्ही इतकी वर्षं नोकरी करून मांडलं नव्हतं. तिनं हातातला बटाटा पुरा सोलला. सोललेले बटाटे पाण्यात टाकले, हात पुसले आणि वर गेली. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरी गेल्यावर मी अक्कावर तुटून पडले. "शांत राहा, लवकर जाशील म्हणे! ज्या शांत राहिल्या त्या तशाच बसल्यात. तुझ्यामुळे बसल्यात!" बोलून गेले आणि जीभ चावली. अक्का पायरीवर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "तुझं खरं आहे." मला उलट उत्तराची सवय, हे असलं काही आलं की माझं भांडणच संपतं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. मी चहा घेऊन गेले आणि कप ठेवायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तिथे घुटमळले. फोन नुकताच येऊन गेला होता. शुक्रवारी सकाळी गाडी येणार होती आणि जागा एक होती. साहेबांनी भिंगरीचं नाव दिलं होतं. भिंगरी म्हणजे आमच्याकडची सगळ्यात लहान, एका जागी बसायची नाही, आणि बिनसलं की भिंतीवर डोकं आपटायची.

"मी दोन मागितल्या होत्या," साहेब म्हणाले. "एक मिळाली."

"मिरची सोमवारी अठराची होतेय, साहेब."

"माहीत आहे मला."

"मग तिला पाठवा. भिंगरीच्या हातात अजून वर्षं आहेत."

"अक्का, तुमचं म्हणणं मला पटतं. पण भिंगरी इथे राहिली आणि उद्या तिनं डोकं फोडून घेतलं तर कोण जबाबदार? मिरची राहिली तर काय होईल? काही होणार नाही. चादरींच्या घड्या करील." त्यांनी डोळे चोळले. तेही दमलेलेच होते. "मी वर बोललोय तिच्याबद्दल."

"वर काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

अक्का तिथून निघाली ती थेट वरच्या मजल्यावर गेली. जाताना जो चेहरा होता तसा मी तिचा एकदाच पाहिला होता, नवऱ्याचं तिकडचं घर समजलं त्या दिवशी.

गुरुवारी दुपारी जेवणं उरकली. अक्का भांडी पुसायच्या निमित्तानं मिरचीला खाली घेऊन आली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. फळीवरची काचेची बरणी काढून तिच्यापुढे ठेवली.

"फोड ही."

मिरची बरणीकडे बघायला लागली, मग अक्काकडे. "अक्का, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मला त्याही वेळी हसू फुटलं. अक्काला नाही. ती म्हणाली, "नीट ऐक. इथे जी मोडतोड करते तिला आधी पाठवतात. मी तुला उलटंच सांगत आले. मला माहीत नव्हतं, पण सांगितलं ते मीच. उद्या सकाळी गाडी येतेय आणि जागा एक आहे. आता ही बरणी फोड, ती खिडकी फोड, मला शिव्या घाल, काय हवं ते कर, पण आवाज ऑफिसात गेला पाहिजे."

मिरचीनं बरणी उचलली. वर धरली. मग तिनं ती अलगद खाली ठेवली. "ही मावशींची आहे."

"अगं फोड गं बाई," मी म्हटलं. "हवी तर दुसरी पण काढून देते."

"माझ्याच्यानं नाही होत."

"आलीस तेव्हा माझा हात फोडलास, तो कसा फोडलास गं?" अक्का म्हणाली.

"तेव्हा तुम्ही माझ्या कोणी नव्हतात."

झालं. मी सिंकमधली भांडी उगाच इकडची तिकडे केली. अक्कानं पदर सारखा केला, आणि मग तिनं जे तोंड उघडलं ते ऐकून माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. आवाज चढला नाही. हळूच बोलली, पण एकेक शब्द असा निवडून काढलेला, की तिनंच इतके महिने जी जखम झाकून ठेवली होती तिच्यावरची खपली तिनंच ओढून काढली. तुझी आई का येत नाही ते सांगू का तुला, इथपासून सुरू झाली. पुढचं मी सांगणार नाही. आमच्या आईनं ऐकलं असतं तर तिनं अक्काच्या थोबाडीत दिली असती. मिरची आधी "नका, अक्का" म्हणाली. मग "नका ना" म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी अक्काला ढकललं.

अक्का मागच्या लोखंडी मांडणीवर आदळली आणि मांडणीसकट खाली आली, सगळं अंग डाव्या हातावर. ताटं, पातेली, झाकणं, सगळं फरशीवर कोसळलं. त्या गोंधळातही मला हाडाचा आवाज आला.

मिरची गुडघ्यांवर बसली. "अक्का! अक्का, मी... लागलं? अक्का!" आणि धाय मोकलून रडायला लागली.

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला वर ने. एकटीच्या खोलीत घाल. हिला रडताना कुणी बघता कामा नये."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मिरचीचा दंड धरला आणि ओढतच जिन्यापाशी नेली. तिसऱ्या पायरीवर ती थांबली. "मावशी, अक्का माझ्या आईला खरंच तसं समजतात?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात आवाज ऐकून दुसरी पहारेकरीण वरून धावत आली. तिच्यासमोर काय सांगणार? "गप्प बस! उद्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही," एवढंच मी ओरडले. माझा आवाज असा, की समजावणं असो नाहीतर खेकसणं असो, ऐकणाऱ्याला एकच वाटतं. ती आत गेली आणि त्या पहारेकरणीनं दाराला बाहेरून कडी घातली. त्यानंतर मला तिथवर जायला मिळालं नाही.

खाली आले तर साहेब दारात उभे. अक्का भिंतीला टेकून बसलेली, हात मांडीवर धरलेला.

"ढकललं?"

"ढकललं."

"मिरचीनं?" ते माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं," मी म्हटलं. त्यात तसूभर खोटं नव्हतं, तरी मान वर करवेना.

"मग पोलिसांना कळवायला हवं. हल्ला आहे हा."

माझी तर पाचावर धारण बसली. पोलीस आले की नवी केस, आणि नवी केस झाली की पोरगी सोमवारची वाटसुद्धा न बघता मोठ्या तुरुंगाच्या दारात. आम्ही हिला बाहेर काढायला निघालो होतो आणि आपल्याच हातांनी आत ढकलत होतो. मी अक्काकडे बघितलं. तिला हे आधी सुचलं होतं की तेव्हाच सुचलं, मला अजून माहीत नाही.

"तक्रार मी करायची असते ना, साहेब?" ती म्हणाली. "मी करणार नाही. कोर्टात फेऱ्या मारायचं माझ्यात बळ नाही. पण ती पोरगी या घरात असेपर्यंत मी वर पाय ठेवणार नाही. उद्या गाडी येतेय. घाला तिला गाडीत आणि मोकळे व्हा."

"आणि भिंगरी?"

"भिंगरीला मी सांभाळीन. तिला सांभाळता येतं मला. हिला नाही."

साहेबांनी पायाशी आलेलं एक झाकण उचलून ओट्यावर ठेवलं. "तक्रार करायची नाही आणि ठेवायचीही नाही?"

"नाही."

"इतक्या वर्षांत तुम्ही एकाही मुलीबद्दल असं बोलला नाहीत, अक्का."

"म्हणून तरी ऐका."

त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. "दवाखान्यात जा आधी."

"मुरगळलाय नुसता. जाईन."

ते ऑफिसात गेले आणि थोड्या वेळानं फोन लावल्याचा आवाज आला. मी अक्काला म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता दवाखाना. ती हलेना. "तिथे विचारतील कसं झालं. ढकललं म्हटलं तर ते पोलिसांना बोलावणार. पडले म्हटलं तर उद्या साहेब म्हणतील, पडलीस ना, मग ती पोरगी शांतच आहे की. गाडी जाऊ दे. मग जाऊ." मी चिडले, रडले, तिला मूर्ख म्हटलं. मग दोन लाकडी पळ्या आणि टॉवेल घेऊन तो हात बांधला. ती रात्र आम्ही कशी काढली ते विचारू नका.

सकाळी गाडी वेळेवर आली, हेच पहिलं नवल. राज्याची एक बाई उतरली, टोपी घातलेली, कमरेला जाडजूड पट्टा. तिनं साहेबांकडून नाव घेतलं, हल्ल्याचं ऐकलं आणि पट्ट्याच्या बेड्या काढल्या. भिंगरीला नेणार होते तेव्हा बेड्यांचं नावही नव्हतं. वर भिंगरीला तोवर कळलं होतं, ती जाळी हातांनी वाजवत होती, मला न्या, मला न्या म्हणत होती. तिच्यावर अन्याय झाला. ते मला कळतं, अक्कालाही कळत होतं. पण जागा एकच होती हो, आम्ही काय करणार होतो?

मिरचीला खाली आणलं. एका रात्रीत डोळे खोल गेले होते. कुणी न सांगता तिनं दोन्ही हात पुढे केले आणि बेड्या घालून घेतल्या. त्या बाईनं भुवया उंचावल्या. अक्का दाराशी उभी होती, शालीखाली हात झाकून. मिरची तिच्यासमोरून जाताना थांबली आणि हळूच विचारलं, "अक्का, हात फार दुखतोय का?"

टोपीवाली बाई जागच्या जागी उभी राहिली. "हीच ना ती?" तिनं साहेबांना विचारलं. "मारणारी?"

साहेबांनी अक्काकडे बघितलं. फाटक उघडं होतं, गाडीचं इंजिन चालू होतं. साहेबांनी नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी सगळं मुसळ केरात गेलं असतं.

आणि माझी अक्का किंचाळली. जन्मात पहिल्यांदा. "माझ्याशी बोलायचं नाही! घेऊन जा हो हिला, बाई! तोंड बघायचं नाही मला हिचं!"

मिरचीच्या तोंडाकडे मी बघितलं आणि बघायला नको होतं असं वाटलं. त्या बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती चालायला लागली. गाडीत चढली, आतल्या बाकावर बसली. दार बंद झालं, गाडी वळली आणि गेली. साहेबांनी फाटक लावून घेतलं. मग अक्काला म्हणाले, "आता तरी दवाखान्यात जा." त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. त्यांनी पुढे कधी विचारलं नाही.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. कालपासून असंच ठेवलंत का म्हणून तिथला डॉक्टर आमच्यावर जाम उखडला, आणि एरवी मी त्याची शाळा घेतली असती, पण त्या दिवशी निमूट ऐकून घेतलं. प्लास्टरसाठी आम्ही बाकड्यावर बसून होतो. दुपार कलायला लागली तेव्हा साहेबांचा माझ्या फोनवर फोन आला. पोचली, नोंद झाली, म्हणाले. मी अक्काला सांगितलं. हाड मोडलं तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता मात्र पदर तोंडात कोंबून ती अशी रडली की समोरच्या बाकावरची माणसं उठून पाणी घेऊन आली.

मग तोंड पुसून तिनं विचारलं, "तिला कळलं असेल ना गं?"

"कळलं असेल. हुशार आहे ती. तो सगळा बेत तूच तर तिला आधी सांगितला होतास."

"आईचं काढलं ते बेतात नव्हतं."

"तरी कळलं असेल."

अक्कानं शाल पुन्हा मोडलेल्या हातावर ओढली. "कळलं असतं तर तिनं एकदा तरी वळून बघितलं असतं," ती म्हणाली. आतून तिचं नाव पुकारलं. मी तिला उजव्या हाताला धरून उठवलं आणि आत घेऊन गेले.